एका डिस्कच्या दोन बांध्या

जीप परत आली ती हळू आली. दवाखान्याचा ड्रायव्हर म्हणजे फाटकाच्या अलीकडच्या वळणापासूनच हॉर्न वाजवत येणारा माणूस. त्याचा हॉर्न ऐकून मी डाळीला फोडणी द्यायची. त्या सकाळी हॉर्न वाजला नाही. मी मेसच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि शेजारी चंद्रपूरच्या बससाठी भरलेली पिशवी ठेवली होती. आदल्या दिवशी तापानं पडलेल्या माझ्या भावाला, मिलिंदला, चंद्रपूरला न्यायला जीपमध्ये चढवलं तेव्हा तो शुद्धीवर होता. मी सोबत चढायला गेले तर म्हणाला, "बाई, सिस्टर आहे, सलाईन आहे, तू कुठी बसशील? उद्याच्या बसनं ये." … जीप मोहाच्या झाडाखाली थांबली. ड्रायव्हर उतरला आणि पंक्चर झालं असावं तसा चाकांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच बोलला, "बाई, मागून दुसरी गाडी येऊन राह्यली. मी पुढं आलो, तुमाले सांगाले." मी सूप खाली ठेवलं. पिशवी उचलून आत नेली आणि त्यातला त्याचा धुतलेला शर्ट काढून पुन्हा खुंटीला टांगला. का टांगला, ते मला सांगता येणार नाही.

त्याला काही आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले मेंदूचा मलेरिया. इथली माणसं मात्र वेगळंच बोलतात. आठवडी बाजारात, हातपंपावर, मेसच्या मागच्या दारात मी ऐकलं आहे. म्हणतात, त्या पोराला कुंकवानं खाल्लं. आणि ते कुंकू लावणारी पार्वतामावशी हे ऐकून घेते, मान खाली घालून. मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं इथं लिहिते.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात मिलिंद जन्मला. आई-बाबा दोघंही लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणीला, निंदणीला जायचे. पोराला धरायला घरात मीच होते, तर माझी शाळा सुटली आणि तो माझ्या कडेवर आला. तो मला 'बाई' म्हणायचा. आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. पुढं तो ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकला, नागपूरला कॉम्प्युटरच्या क्लासला गेला आणि चामोर्शीच्या बाजूला, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या ह्या क्षयरोगाच्या दवाखान्यात कामाला लागला. तोवर मी विधवा होऊन दीर-जावांच्या घरात कोपरा धरून होते. तो एका दिवशी आला, माझी पेटी उचलली आणि म्हणाला, "दवाखान्याच्या मेसले स्वयंपाकीण पायजे. तिथी कोणी बोलाले लावत नाई." दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. एका खोलीत बुद्धाची तसबीर आणि माझं शिवणाचं मशीन, दुसऱ्या खोलीत त्याची पुस्तकं.

दवाखान्यात आधी प्रत्येक रोग्याचं पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. एका पावसाळ्यात कोठीतल्या कपाटाला वाळवी लागली आणि कार्डांच्या गठ्ठ्यांची माती झाली. क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने खाव्या लागतात. मधेच सुटल्या तर रोग चिडून परत येतो आणि मग त्याच गोळ्यांना ऐकत नाही. कोणाचा कितवा महिना चालला आहे, हे माहीत नसलं तर औषध देणारा आंधळा. म्हणून बाहेरच्या देणगीतून कॉम्प्युटर आला, आणि उरलीसुरली कार्डं, रोग्यांच्या तोंडची हकीकत, जे मिळेल ते मिलिंदनं वर्षभर बसून त्यात भरलं. त्या पेटीत एक डिस्क असते, सगळं तिच्यावर राहतं, एवढं मला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या लोकांना तेवढंही ठाऊक नव्हतं, पण सगळे त्या खोलीसमोरून जाताना आवाज कमी करायचे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की त्याच डिस्कवर आता दोन व्यवस्था चालवायच्या. त्या दिवशी मिलिंद घरी येऊन जेवायला बसला. मग भाताचा ढीग बोटानं मधोमध कापून मला म्हणाला, "बाई, तुले बांधी माहीत आहे ना?"

"मले नाई तं कोणाले?" मी म्हटलं.

"मंग ऐक. आता हे सारं शेत एकच बांधी आहे. तिच्यात डॉस नावाचा एक गडी राबते. आपले सारे पेशंट त्याच्या हाती. आता मोठ्या डॉक्टरले दुसरा गडी पायजे, युनिक्स. तो एकाच वेळी दोन टेबलांचं काम पाह्यते. इथी लिहिलं का तिकडं औषधाच्या खिडकीत दिसते. पण हे दोघं एका बांधीत राबत नाईत. एकाची रोवणी दुसऱ्याले समजतच नाई."

"तं मधात धुरा टाका. एका बांधीच्या दोन होतील."

"तेच तं करून राह्यलो."

"अन् उभ्या पिकात धुरा कसा टाकशील?"

त्यानं हात थांबवला. "तीच भीती आहे," म्हणाला. "सारं पीक आधी उपटा लागते. परे जुड्या बांधून काठावर ठेवाचे, धुरा घालाचा, अन् मंग एकेक जुडी परत रोवाची. मधात काई झालं तं…" परे म्हणजे धानाची रोपं, आणि त्याच्या जुड्या म्हणजे फ्लॉप्या. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ पाकिटं. गावांचे गट करून एकेका गटाचे रोगी त्यानं एकेका फ्लॉपीवर उतरवले होते.

इंजिनिअरसाहेब नागपूरहून आले तेव्हा मी चहा घेऊन खोलीत गेले होते. धुरा कुठं घालायचा ह्यावर वाद चालला होता. डॉक्टरांना नव्या गड्याला जास्त जागा हवी होती. मिलिंद म्हणत होता, अर्धं-अर्धं करा, कारण नवे रोगी येतील ते जुन्याच बांधीत येतील. इंजिनिअर हसून म्हणाले, "लवकर ठरवा. एकदा विभाग पाडले की पाडले. पुन्हा हलवायचे तर पुन्हा सगळं पुसावं लागेल." शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. मग मिलिंद म्हणाला, "साहेब, नागपूरहून फ्लॉप्यांची दुसरी पेटी येऊ द्या. आणखी एक प्रत काढतो, मंग पुसा." "अहो, एक प्रत पुरते," इंजिनिअर म्हणाले, "मी हे किती ठिकाणी केलं आहे. आणि मला बस गाठायची आहे." मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. मी कप गोळा करून बाहेर आले.

दुपारपर्यंत डिस्क पुसून झाली, धुरा पडला, नवा गडी आपल्या बांधीत उतरला. इंजिनिअर बसला गेले. जुनी बांधी तयार होती, पण रिकामी. मिलिंदनं पहिली फ्लॉपी हातात घेतली आणि वरचा पंखा हळू होत होत थांबला. गावाबाहेरची डीपी जळाली होती. जनरेटर होता तो ऑपरेशनच्या खोलीपुरता, आणि त्याची वीज उड्या मारते म्हणून कॉम्प्युटरला लावायची मनाई होती. दुसऱ्या दिवशी लाइन आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मिलिंद फाटकापर्यंत जायचा, तारांकडे बघायचा आणि परत यायचा. "परे उपटून काठावर ठेवले आहेत," म्हणायचा, "अन् बांधीत पाणी नाई."

त्यातच दसरा आला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दसऱ्याला नागपूरला जायचं हा आमच्या घरचा नेम. ह्या वेळी मिलिंदचं मन नव्हतं. पण डॉक्टरच म्हणाले, "लाइन नाही तर इथं बसून काय करणार आहेस? जा, आणि येताना ती फ्लॉप्यांची पेटी घेऊन ये." निघताना त्यानं खोलीची किल्ली पार्वतामावशीला दिली. मावशी दवाखान्यातली सगळ्यांत जुनी आया. मिलिंदवर तिचा जीव. अंबाडीची भाजी केली की वाटी आमच्याकडे यायची, आणि माझ्या हातच्या भाजीला ती तोंडावर नावं ठेवायची. तिला त्यानं फ्लॉप्यांचा डबा दाखवला आणि म्हणाला, "मावशी, ह्या डब्यात साऱ्या दवाखान्याचा जीव आहे. कोणाले हात लावू देऊ नका." मावशीनं डब्याला हात जोडले. आम्हाला बसची घाई होती. त्या हात जोडण्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तेव्हा फाटकावरचा दिवा भरदिवसा जळत होता. लाइन आली होती. मिलिंद बसच्या दारातूनच ओरडला, "बाई, पाणी आलं!" आणि नवी पेटी छातीशी धरून खोलीकडे पळाला. मी मागून गेले. खोलीच्या चौकटीला आंब्याची पानं बांधली होती. कॉम्प्युटरच्या काचेवर झेंडूचा हार, त्यावर आपट्याची पानं. दसऱ्याला इथं प्रत्येक हत्याराची पूजा होते. जीप, स्ट्रेचर, सुया उकळायचं भांडं, सगळ्याची. कॉम्प्युटरचीही झाली होती. त्याचं काही नव्हतं. पण टेबलावर पांढरंशुभ्र धुतलेलं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर सगळ्या फ्लॉप्या ओळीनं मांडल्या होत्या, कागदी पाकिटांतून बाहेर काढून. फ्लॉपीच्या काळ्या अंगाला एक लांबट झरोका असतो. त्यातून आतली तपकिरी चकती दिसते, तिच्यावरच सगळं लिहिलेलं असतं. त्या झरोक्यात, प्रत्येकीच्या, कालवलेल्या हळदी-कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

मावशी दाराशीच होती. चेहरा आनंदानं फुललेला. "कोणाले हात नाई लावू देला, भाऊ," म्हणाली. "मीच केलं सारं. ज्याच्यात जीव आहे त्याची पूजा नाई तं कोणाची? तिथी कपाळावानी दिसलं, तं तिथीच लावलं."

मिलिंदनं एक फ्लॉपी उचलली, उजेडाकडे धरली आणि खाली ठेवली. मग तो बाहेर गेला. हातपंपावर जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मावशीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुमच्यात पूजा चालत नाई, म्हणून रागावला का वो तो?" तिनं मला विचारलं. मिलिंद ओल्या तोंडानंच परत आला आणि त्यानं विचारलं ते हे: "मावशी, कुंकू कशात कालवलं होतं? पाण्यात का तेलात?"

तिला वाटलं टोमणा मारतो आहे. ती रडायला लागली. त्यानं तिचा हात धरला आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "पाण्यात रे बाप्पा, हातपंपाच्या. पयलीले तेवढं दिव्यातल्या तेलाचं बोट लावलं. पयलीचा मान असते ना."

"पयली कोणती?"

तिनं बोट दाखवलं. मिलिंदनं डोळे मिटले.

एवढ्यात मोठे डॉक्टर आले. टेबल बघून त्यांचा आवाज चढला. हिला कोणी सांगितलं होतं, किल्ली हिच्याकडे कशी आली, अडाणी माणसांच्या हाती… मिलिंद मधे बोलला. डॉक्टरांना मधे तोडताना मी त्याला तेवढं एकदाच पाहिलं. "मी सांगतलं होतं साहेब. जीव आहे म्हणून मीच बोललो होतो. तिनं ऐकलं." डॉक्टर थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काही करता येईल का?" मिलिंद म्हणाला, "धुवून पाह्यतो." नागपूरच्या क्लासात एकदा मास्तरांच्या फ्लॉपीवर चहा सांडला होता. मास्तरांनी चकती बाहेर काढून धुतली होती आणि ती चालली होती. एकच. ती पण चहाची. "कुंकवाची कोणी धुतली असंन का, मले माहीत नाई," तो म्हणाला.

मदतीला रजनी सिस्टर यायला तयार होत्या, कंपाउंडर तयार होता. त्यानं मला बोलावलं. "दुसरं कोणी आलं तं तोंडानं सल्ले देईन," म्हणाला. "तू बोलत नाईस, म्हणून तूच पायजे." मी ब्लाउजची शिवण उसवायचं पातं घेऊन गेले. इंजेक्शनसाठी येतं ते शुद्ध पाणी परातीत ओतलं होतं, वॉर्डातून आणलेल्या पलंगावर निर्जंतुक गॉज पसरला होता. तो फ्लॉपीची कड धरायचा, मी पातं फिरवायची. चकती बाहेर यायची ती केळीच्या कोवळ्या पानासारखी, हवेनंही लवणारी. तिला फक्त मधल्या भोकाच्या काठाला धरायचं, अंगाला बोट लागता कामा नये. "बाई, घामाचा थेंबही नको," तो म्हणाला, आणि माझ्या कपाळावर घाम तेवढ्याच वेगानं फुटला. पाण्यात चकती हलवली की हळद सुटायची, पाणी पिवळं व्हायचं. कुंकू मात्र बसून राहायचं, दुसऱ्या पाण्याला निघायचं. मग गॉजवर वाळवायची. त्यानं नव्या पेटीतल्या कोऱ्या फ्लॉप्या फाडल्या, त्यांच्या चकत्या बाजूला टाकल्या आणि रिकाम्या अंगांत धुतलेल्या चकत्या सरकवल्या. दार बंद होतं. पंखा बंद होता, धूळ उडू नये म्हणून. बाहेर व्हरांड्यात मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या बांगड्यांचा मधूनमधून आवाज यायचा.

वाळलेली पहिली फ्लॉपी त्यानं मशीनच्या फटीत घातली आणि खटका फिरवला. खर… खर… असा आवाज सुरू झाला. मग एकदम टक-टक-टक, जशी पाल चुकचुकते. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. त्यानं मला अर्थ सांगितला: ते विचारतं, सोडून देऊ, पुन्हा बघू, का जे गेलं ते जाऊ देऊन पुढं जाऊ? त्यानं 'पुन्हा'चं बटन दाबलं. टक-टक-टक. पुन्हा. टक-टक. पुन्हा… आणि खर-खर सुरू झालं ते थांबेना. पडद्यावर नावं उतरायला लागली. मिलिंदनं माझ्याकडे बघितलं नाही, फक्त टेबलाखाली पायानं माझ्या पायाला टोचलं, लहानपणी टोचायचा तसं.

तो दिवस आणि दुसरा दिवस असाच गेला. एकेका फ्लॉपीला कधी एकदा, कधी चिकाटीनं कितीतरी वेळा 'पुन्हा'. 'जाऊ दे' म्हणणारं बटन त्यानं एकदाही दाबलं नाही. ते दाबलं असतं तर काम सोपं झालं असतं. मधली काही नावं गळाली असती, आणि कोणती गळाली ते कोणालाच कळलं नसतं. एकामागून एक जुड्या बांधीत रोवल्या गेल्या. तेलवाली त्यानं शेवटी ठेवली होती. ती तीन पाण्यांत धुतली, साबणाच्या फेसात धुतली. तेलाचा डाग चकतीवर ढगासारखा पसरलेला, हळद त्यात मुरलेली. मशीननं ती घेतली, टक-टक केलं आणि अक्षरं आली. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. संध्याकाळी डॉक्टर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सोड आता. मशीन बिघडेल." त्यानं फ्लॉपी काढली.

तिच्यावर नाल्यापलीकडची गावं होती. कोसंबटोला, येरमगुडा आणि आतले पाडे-टोले, जिथं पावसाळ्यात सायकलही जात नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या संपल्या की रोगी आपणच येतील. मिलिंद म्हणाला, "नाई येत साहेब. खोकला थांबला का त्यांले वाटते बरे झालो." आणि पुढच्या रविवारी त्यानं सायकल काढली.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तो जात राहिला. त्याच्या सोबत कधी दवाखान्याचा माणूस असायचा, कधी तो एकटाच. गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, असं औषधाच्या खिडकीवर सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्या गोंड घरांतून लोकांनी ती कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली होती, चकाकतात म्हणून. मिलिंद भिंतीपुढं उभा राहून पाकिटांवरून महिने ओळखायचा. घरी आला की मला सगळं सांगायचा, मी चुलीशी असायची. कोसंबटोल्याचा लालसू आजा त्याला म्हणाला होता, "तुझ्या पेटीनं मले हरवलं का गा? मी तं इथीच आहो." हे सांगताना मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला. लालसू आजाच्या गोळ्या खरंच सुटल्या होत्या. त्यानं त्या पुन्हा सुरू करवल्या.

त्या दसऱ्यापासून खोलीच्या दारात त्याची एक सवय झाली. कोणीही आलं की तो उंबऱ्यावर अडवायचा, "हात दाखवा." सिस्टर असो, मी असो, मोठे डॉक्टर असोत. डॉक्टर हसत दोन्ही तळवे पुढं करायचे. फक्त पार्वतामावशीला त्यानं कधी विचारलं नाही. ती बिचारी आपणच हात पुढं करायची, तर म्हणायचा, "मावशी, तुमचे हात मी पाह्यले आहेत." आणि तिला आत जाऊ द्यायचा. त्या खोलीत झाडू मारायला तिच्याशिवाय दुसरी कोणी त्याला चालत नव्हती.

मला त्यानं एकदा मशीनपुढं बसवलं होतं. बटन दाबलं की ते लगेच चालू होत नाही. आधी थांबतं, दोन टिंबं दाखवतं आणि वाट बघतं. "कोणत्या बांधीत जाऊ, विचारून राह्यलं," मिलिंद म्हणाला. "नुसतं मोठं बटन दाबलं तं नव्या बांधीत. डी, ओ, एस लिहिलं तं जुन्या. लिही ना बाई, तीनच अक्षरं." मी उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हाही उठून गेले. तो चिडला नाही. म्हणाला, "बरं, ते वाट पाह्यते."

ह्या पावसाळ्याच्या आधी नाल्यापलीकडची सगळी नावं जुन्या बांधीत परत लागली होती. तरी त्याचं जाणं थांबलं नाही. दोघा-तिघांच्या गोळ्या पुन्हा सुटत होत्या. भर पावसात तो गेला, चिखलात सायकल खांद्यावर घेऊन आला. मग ताप… आता लोक जोडतात. कुंकू लागलं, म्हणून फ्लॉपी गेली. फ्लॉपी गेली, म्हणून तो जंगलात गेला. जंगलात गेला, म्हणून मेला. ऐकायला सरळ वाटतं. पण डास आमच्या क्वार्टरच्या मागच्या डबक्यातही आहेत, आणि तो ज्या दिवशी पडला त्याच्या आधीचे कितीतरी दिवस दवाखाना सोडून कुठं गेला नव्हता. कोणता डास, कुठला, कोण सांगणार? आणि कुंकू लागलं नसतं तर तो गेलाच नसता, असं त्याला ओळखणारं कोणी म्हणेल का? गोळ्या सुटलेल्या माणसामागं तो फ्लॉपीच्या आधीही जात होता.

पण मी हे कोणाला बोलले नाही. आणि मिलिंद गेल्यावर पार्वतामावशीनं काय केलं होतं, ते मी तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाहिलं. तिचं कपाळ कोरं होतं. नवरा जिवंत, घरी खाटेवर बसून विड्या ओढणारा, आणि हिचं कपाळ कोरं. बायका कुजबुजल्या, नवऱ्यानं शिव्या दिल्या. तिनं कुंकवाची डबी नाल्यात टाकली होती. कॉम्प्युटरच्या खोलीत ती पाय ठेवीना. दारापर्यंत झाडायची आणि उंबऱ्याशी केर ठेवून निघून जायची.

गेल्या आठवड्यात दसऱ्याची बोलणी निघाली, कोणाकोणाची पूजा करायची त्याची. कॉम्प्युटरचं नाव निघालं तेव्हा सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. ती भांडी घेऊन उठली. मी तिच्या मागं गेले. आयुष्यात मी कोणाला कुठं चल म्हटलेलं नाही. म्हटलं, "मावशी, चला. खोलीत जाऊ."

रजनी सिस्टर आता मशीन चालवतात. मिलिंदनं त्यांना सगळं शिकवून ठेवलं होतं. त्यांनी दार उघडलं. मावशी उंबऱ्यावर थांबली आणि दोन्ही हात पुढं केले, आधी उताणे, मग पालथे. तिथं विचारणारं कोणी नव्हतं. तरी तिनं ते मागं घेतले नाहीत. मला वाटलं, आताही मला बोलता येणार नाही, आणि ही इथूनच परत जाईल… मग मी बोलले, त्याचंच बोलणं. "मावशी, तुमचे हात पाह्यले आहेत."

ती आत आली. सिस्टरनी बटन दाबलं. मशीन गुरगुरलं आणि थांबलं. दोन टिंबं, आणि त्यांच्यापुढं लुकलुकणारी एक रेघ. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही लिहा." मी खुर्चीत बसले. अक्षरं सरळ ओळीत नसतात, विखुरलेली असतात, तांदळातल्या खड्यांसारखी एकेक शोधावी लागतात. डी सापडला. ओ वर होता. एस डी-च्या शेजारीच निघाला. मोठं बटन दाबलं आणि जुनी बांधी उघडली.

सिस्टरनी नाल्यापलीकडची गावं काढली आणि वाचायला लागल्या. गाव, नाव, कितवा महिना. मावशीला वाचता येत नाही. ती जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. लालसू आजाचं नाव आलं, पुढं लिहिलं होतं, उपचार पूर्ण. "हाच का वो तो," मावशीनं विचारलं, "ज्याले पेटीनं हरवलं होतं?" मी म्हटलं, "हाच." ती म्हणाली, "अन् तेलवाल्या फ्लॉपीतले बाकीचे?" सिस्टर वाचत गेल्या. बराच वेळ लागला. शेवटचं नाव झाल्यावर मावशीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "एकही सोडला नाई वो त्यानं."

ती तेलाचा डाग असलेली फ्लॉपी त्यानं फेकली नव्हती. माझ्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या खाली ठेवली होती. तिथंच आहे. डबा उघडला की हळदीचा वास येतो, का मला तसं वाटतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीकडे गेले. दार उघडं होतं. आत केर काढलेला, खुर्ची पुसलेली. उंबऱ्यावर पार्वतामावशी झाडू आडवा धरून उभी होती. कपाळावर कुंकू होतं, लहानसं, कोरडं. तिच्यापुढं मोठे डॉक्टर फाईल काखेत धरून थांबले होते, आणि ती त्यांना म्हणत होती, "साहेब, हात दाखवा."